कोनिग्झे तलावाची एकदिवसीय सहल : सालेटपर्यंत जाणार असेल तरच घ्यावी

जर्मनीच्या आग्नेय टोकाला, बव्हेरिया राज्यात, ऑस्ट्रियाच्या सीमेला जवळजवळ खेटून कोनिग्झे हा तलाव आहे. साल्झबर्ग आणि म्युनिक या दोन्ही शहरांतून त्याच्या एकदिवसीय सहली निघतात आणि तलावातील नौकाविहार व हलकी पदभ्रमंती असे त्यांचे वर्णन केलेले असते. गेल्या सप्टेंबरात मी, माझी बहीण आणि सत्तरीला टेकलेली आमची आई अशा तिघी साल्झबर्गहून अशाच एका आयोजित सहलीने तेथे गेलो, आणि दोनच दिवसांनी त्याच तलावावर पुन्हा एकदा, या वेळी मात्र आमच्या आम्ही, साध्या बसने गेलो. परक्या मुलुखात हाताशी मोजके दिवस असताना एकाच ठिकाणी दोनदा का जावे लागले, ते सविस्तर सांगण्यासाठी हे लिहीत आहे, कारण पहिल्या दिवशी आम्हाला बोट मिळाली, परंतु ज्या चालण्यासाठी आम्ही पैसे भरले होते ते, तलावाच्या पलीकडच्या टोकावरील सालेट या थांब्यापासूनचे, चालणे मिळाले नाही.

आधी बोटीविषयी, कारण तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. कोनिग्झेवर १९०९ पासून विजेवर चालणाऱ्या बोटी आहेत आणि प्रवाशांच्या खासगी मोटारबोटींना तेथे मज्जाव आहे. त्यामुळे ना धूर, ना इंजिनाची घरघर. बोट धक्क्यावरून सुटली हे आम्हाला आवाजावरून कळले नाही, काठावरची घरे मागे सरकू लागली तेव्हा कळले. तलाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असून हिमयुगातील हिमनद्यांनी कोरलेल्या अरुंद दरीत तो पसरलेला आहे. लांबी साडेसात किलोमीटरहून थोडी अधिक, रुंदी मात्र जेमतेम सव्वा किलोमीटर, आणि सर्वांत खोल जागी पाणी १९० मीटर. दोन्ही बाजूंचे कडे थेट पाण्यात उतरतात. काठाने पायवाट काढायला जागाच नसल्यामुळे पलीकडच्या टोकाला जायचे तर बोट, किंवा मग डोंगरातून दिवसभराची कठीण वाट, एवढेच दोन मार्ग उरतात. ही गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी, कारण दिवसभराचे सगळे वेळापत्रक तिच्यावरच अवलंबून असते.

वाटेत एका उंच कड्यासमोर बोट थांबवली जाते. बोटीवरचा एक कर्मचारी दार उघडून उंबऱ्याशी उभा राहतो, तुतारीसारखे पितळी वाद्य ओठांना लावून चार-पाच सुरांची एक ओळ वाजवतो आणि थांबतो. क्षणभराने तीच ओळ कड्यावरून परत येते, थोडी मऊ होऊन, पण एकही सूर न गाळता. पूर्वी या प्रतिध्वनीसाठी बार उडवीत असत. पहिल्या दिवशी दुपारच्या भरगच्च बोटीत लोकांच्या बोलण्यात तो उत्तरादाखल आलेला सूर अर्धाच ऐकू आला. दुसऱ्या वेळी सकाळच्या बोटीत जेमतेम निम्मी बाके भरली होती. आईने डोळे मिटून घेतले होते आणि सूर विरून गेल्यावरही काही वेळ ते उघडले नाहीत. बसायला जाताना उजवी बाजू निवडावी, कारण सांक्ट बार्टोलोमेचे देऊळवजा छोटे चर्च आणि वाट्झमान पर्वत त्या बाजूने सामोरे येतात. वाटेतल्या एका कड्यावर क्रूस लावलेला आहे, तो मात्र माहिती नसेल तर नजरेतून सुटतो. १६८८ मध्ये याच पाण्यात यात्रेकरूंची नाव बुडून ७१ जण दगावले, त्यांच्या स्मरणार्थ तो आहे. इतक्या शांत पाण्यात इतकी माणसे गेली हे ऐकून आमच्या बोटीतही काही क्षण कोणी बोलले नाही.

सांक्ट बार्टोलोमे हा पहिला मोठा थांबा, आणि बहुतेक आयोजित सहलींचा शेवटचाही. पर्वताच्या पायथ्याशी तलावात शिरलेल्या सपाट जमिनीच्या जिभेवर लाल कांदेदार घुमटांचे चर्च उभे आहे. त्याचे आजचे रूप १६९७ च्या सुमाराचे असून ज्या संताच्या नावाने ते ओळखले जाते, त्याला या भागातील गुराखी आणि दूधदुभत्याचा व्यवसाय करणारे आपला पाठीराखा मानतात. मागे वाट्झमानची पूर्वेकडील भिंत सुमारे १८०० मीटर सरळ वर गेलेली आहे. पर्वताची एकूण उंची २७१३ मीटर आहे, पण आकड्यापेक्षा मान किती मागे न्यावी लागते त्यावरूनच तिचा अंदाज येतो. जवळच तलावातले मासे धुरावर भाजून विकणारे एक दुकान आहे आणि त्याचा वास धक्क्यापर्यंत येतो. मासे खाणाऱ्यांनी ते चुकवू नयेत. जागा सुंदर आहे यात वाद नाही. मात्र सगळ्या बोटी येथे गर्दी उतरवत असल्याने दुपारी बारानंतर येथे शांतता शोधूनही सापडत नाही.

आता पहिल्या दिवसाचा हिशेब. आमची बस तलावावर ११ वाजून २० मिनिटांनी पोहोचली. तिकिटे आधी काढलेली नव्हती, म्हणून ती काढण्यात आणि रांगेत ५० मिनिटे गेली. बोटीने ३५ मिनिटांत सांक्ट बार्टोलोमेला पोहोचलो, तेथे सव्वा तास मिळाला, आणि पावणेतीनच्या सुमारास आम्ही पुन्हा मूळ धक्क्यावर होतो. त्यानंतरचा अर्धा तास वाहनतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील दुकानांसाठी राखून ठेवलेला होता. माहितीपत्रकात सालेटपलीकडच्या ओबरझे तलावापर्यंतच्या पदभ्रमंतीचा उल्लेख ठळक अक्षरांत होता, आणि त्याच्या खाली बारीक अक्षरांत 'वेळ असल्यास' असे दोन शब्द होते. मार्गदर्शकाला विचारले असता, पुढे असेच पाणी आणि असेच डोंगर आहेत, असे उत्तर मिळाले. ते उत्तर मला खटकले आणि दुसऱ्या फेरीनंतर तर ते चुकीचे होते असे मी खात्रीने म्हणते.

साधी बेरीज करून पाहावी. मूळ धक्क्यापासून शेवटचा थांबा असलेल्या सालेटपर्यंत बोटीला एका दिशेने सुमारे ५५ मिनिटे लागतात, म्हणजे जाऊन-येऊन जवळजवळ दोन तास. सालेटहून ओबरझे पायी १५ मिनिटांवर आहे. तेथून काठाने फिशुंकेल आल्म या उन्हाळी गोठ्यापर्यंत पाऊण तास, आणि पुढे रोथबाख धबधब्याच्या पायथ्यापर्यंत आणखी अर्धा तास. जाण्या-येण्याचे चालणे तीन तासांचे होते. विसावा, रांगा आणि पाहण्याचा वेळ धरला तर तलावावर किमान सहा तास हवेत. चार तासांत हे बसवणे कोणत्याही मार्गदर्शकाला शक्य नाही, आणि जे शक्य नाही ते माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापणे योग्य नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही साल्झबर्गहून सकाळची पहिली सोयीची बस धरली, बेर्ख्टेसगाडेनच्या रेल्वे स्थानकावर बस बदलली आणि तेथून पाचेक किलोमीटरवरच्या तलावावर गर्दी जमण्याआधी पोहोचलो. खिडकीवर सालेटपर्यंतचे परतीचे तिकीट मागितले. जाताना सांक्ट बार्टोलोमेला उतरायचे नाही, आधी टोक गाठायचे, एवढा एकच निर्णय आम्ही पक्का केला होता आणि त्याने सगळा दिवस सावरला.

सालेटला उतरल्यावर वाट कुरणातून जाते. ती रुंद आणि जवळपास सपाट आहे. आईने काठी हातात घेतली होती, पण तिला ती टेकावी लागली नाही. कोनिग्झे आणि ओबरझे यांच्यामध्ये दगडमातीचा बांध आहे. तो ओलांडला की झाडांतून अचानक ओबरझे समोर येतो. वारा नव्हता. समोरचे कडे, त्यांच्यावरची पिवळी पडू लागलेली झाडे आणि काठावरचे लाकडी नौकाघर, सगळे पाण्यात जसेच्या तसे उलटे उतरले होते, इतके की काठाची रेघ कोठे आहे ते शोधावे लागत होते. पाण्यात वाकून पाहिले तर तळाशी पडलेल्या ओंडक्याच्या फांद्या मोजता येत होत्या. आई एका दगडावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही जा गं पुढे, मला आता येथून हलायचे नाही." बहीण तिच्याजवळ थांबली आणि मी पुढे निघाले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. हलकी पदभ्रमंती हे वर्णन ओबरझेच्या या काठापर्यंतच खरे आहे. पुढची वाट उजव्या काठाने, कड्याला बिलगून जाते. काही ठिकाणी दगडी पायऱ्या आहेत, काही ठिकाणी आधारासाठी पोलादी दोर बसवलेला आहे, आणि झाडांच्या मुळांवर पाणी झिरपत असल्याने कोरड्या दिवशीही पाय घसरू शकतो. धडधाकट माणसाला ती अवघड नाही, दमछाकही फारशी होत नाही, परंतु गुडघे दुखणाऱ्यांनी, लहान मुलांना कडेवर घेतलेल्यांनी आणि सपाट तळव्याचे बूट घातलेल्यांनी तेथे जाऊ नये. माझ्या पुढे चाललेल्या एका गृहस्थांना शहरी चामडी बुटांमुळे दोनदा खाली बसून उतरावे लागले. शक्य असते तर आईलाही तेथवर नेले असते असे वाटत राहिले, तरी ती काठावर थांबली हेच बरे झाले.

त्या वाटेच्या शेवटी फिशुंकेल आल्म आहे. उन्हाळ्यात गुरे येथे चरायला आणतात, आणि तेथे राहणारे लोक येणाऱ्याजाणाऱ्यांना दूध, ताक, ब्रेड, लोणी आणि चीज देतात. लाकडी बाकावर बसून मी ताकाचा पेला संपवला. ते दाट, थंड आणि किंचित आंबट होते, आणि वरच्या उतारावरून गायींच्या गळ्यांतल्या घंटांचा आवाज सतत येत होता. या गायी शरद ऋतूत खाली नेतात तेव्हा रस्ता नसल्याने त्यांना सालेटहून सपाट तळाच्या होड्यांत उभे करून तलावापलीकडे नेले जाते, आणि पाणी सुखरूप पार केल्यावरच त्यांना सजवतात. आधी नाही. ही रीत ऐकल्यावर त्या १६८८ च्या क्रूसाची मला पुन्हा आठवण झाली.

रोथबाख सुमारे ४७० मीटर उंचीचा असून जर्मनीतील सर्वांत उंच धबधबा म्हणून ओळखला जातो. सप्टेंबरात त्याला पाणी कमी होते. कड्यावर एक पांढरी रेघ ओढल्यासारखा तो दिसत होता. केवळ धबधब्यासाठी जाणाऱ्यांनी बर्फ वितळण्याच्या दिवसांत जावे, नंतर गेल्यास थोडी निराशा होईल. मला ती झाली नाही, कारण दरीच्या त्या बंद टोकाला, तिन्ही बाजूंनी कडे असलेल्या जागी, पाच-सहा माणसांखेरीज कोणी नव्हते.

परतताना घड्याळाकडे लक्ष ठेवावे. शेवटच्या बोटीची वेळ धक्क्यावर लावलेली असते. उतरताच तिचे छायाचित्र काढून ठेवावे आणि त्या बोटीवर विसंबून न राहता तिच्या किमान दोन बोटी आधी रांगेत उभे राहावे, कारण दुपारनंतर सालेटला रांग बरीच लांबते आणि बोट चुकली तर तलावाकाठाने चालत परतण्याची वाटच नाही. माझ्या फोनला तेथे रेंजही नव्हती. हा सगळा परिसर १९७८ मध्ये स्थापन झालेल्या बेर्ख्टेसगाडेन राष्ट्रीय उद्यानात मोडतो, त्यामुळे आखलेली वाट सोडणे, तंबू ठोकणे आणि ड्रोन उडवणे यांना मनाई आहे. साल्झबर्गहून जाणाऱ्यांनी पासपोर्ट जवळ बाळगावा. अंतर तीसेक किलोमीटरचे असले तरी मध्ये देशाची सीमा आहे आणि तेथे तपासणी होऊ शकते. ज्यांना बोटीचा एवढा लांब पल्ला नको असेल त्यांच्यासाठी मूळ धक्क्याजवळूनच मालरविंकेल नावाच्या जागेकडे जाणारी सोपी वाट आहे. तेथून तलावाचे लांबवर पसरलेले पात्र दिसते, आणि चित्रकारांना ही जागा का आवडली ते पाहताच कळते.

आयोजित सहलीला न्याय देऊन सांगायचे तर बस स्वच्छ होती, चालक वेळेचा पक्का होता आणि मार्गदर्शकाने सांगितलेली इतिहासाची माहिती चुकीची नव्हती. ज्यांना केवळ बोट आणि चर्च पाहायचे आहे, किंवा ज्यांना बस बदलण्याची दगदग झेपत नाही, त्यांना ती पुरेशी वाटेल. पदभ्रमंतीसाठी पैसे भरणाऱ्याला मात्र ती अपुरी आहे, आणि म्हणून मी तिला पाचपैकी दोनच गुण देते; स्वतः आखलेल्या दिवसाला, आईच्या त्या दगडासह, पूर्ण पाच. नोंदणी करण्यापूर्वी आयोजकाला तलावावर नेमके किती तास मिळतील, बोटीचे तिकीट सालेटपर्यंतचे आहे का आणि ते आधी काढलेले असेल का, हे लेखी विचारून घ्यावे. सालेटची बोट साधारण एप्रिलअखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच चालते, तेव्हा त्या काळाबाहेरच्या तारखांना कोणी ओबरझेचे नाव घेऊन सहल विकत असेल तर तिचे पैसे भरू नयेत.