घरगुती बीपी मशीन घेताना आधी पट्टा बघा

चार पेन्सिल सेल, दंडाला बांधायचा पट्टा, एक बटण. पाऊण मिनिटात वरचं, खालचं आणि नाडीचे ठोके पडद्यावर. घरात रक्तदाबाचा रुग्ण असेल तर हे मशीन जरूर घ्यावं. त्याचा उपयोग होतो याला पुरावा आहे. ब्रिटनमधली १,१८२ रुग्णांवरची चाचणी २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. त्यात काही रुग्णांच्या गोळ्या डॉक्टरांनी घरच्या आकड्यांवरून कमी-जास्त केल्या, तर काहींच्या नेहमीसारख्या दवाखान्यातल्या मापावरून. वर्षाअखेरीस घरी मोजणाऱ्यांचं वरचं बीपी सरासरी १३६ ते १३७ वर आलं, दुसऱ्या गटाचं १४० च्या वरच राहिलं. फरक पडला तो डॉक्टरांनी ते आकडे बघून औषध बदललं म्हणून. आकडे लिहिलेली वही कपाटातच ठेवली तर मशीन असून नसून सारखंच.

दुकानात मात्र सगळी चर्चा ब्लूटूथ, बोलणारा आवाज आणि मोठा पडदा यांची होते. पट्ट्याबद्दल कोणी विचारत नाही, आणि माप बिघडतं ते तिथेच. बहुतेक मशीनसोबत मध्यम आकाराचा पट्टा येतो. ओम्रॉनच्या एचईएम-७१२० या आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या मॉडेलचा पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी आहे. दंड ३५ चा असेल तर मशीन कितीही चांगलं असलं तरी आकडा चुकणार. तोकडा पट्टा धमनी दाबायला जास्त हवा मागतो आणि ती जास्तीची हवा आपल्या खात्यावर बीपी म्हणून लिहिली जाते.

किती चुकतो, हे अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये १९५ प्रौढांवर केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोजलं गेलं. मोठा पट्टा लागणाऱ्यांना मध्यम बांधला तर वरचं बीपी सरासरी ४.८ ने जास्त आलं. त्याहून मोठा लागणाऱ्यांत ते १९.५ ने चढलं. बारीक दंडाच्या लोकांत उलटं झालं, ३.६ ने कमी दिसलं. १९.५ म्हणजे खरं १२५ असलेला माणूस १४४ घेऊन डॉक्टरांसमोर बसतो आणि नको असलेली गोळी सुरू होते.

म्हणून खरेदीआधी शिंप्याची टेप घ्या. खांद्याच्या टोकावरचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मधे, हात सैल सोडून, दंडाचा घेर मोजा. तो आकडा कागदावर लिहून दुकानात न्या आणि पट्ट्यावर छापलेल्या मर्यादेशी ताडून पाहा. २२ ते ४२ सेंटीमीटरचे रुंद पल्ल्याचे पट्टेही मिळतात. घरात एक सडपातळ आणि एक जाड दंडाचा माणूस असेल तर असा पट्टा असलेलं मॉडेल घेणं सोयीचं, थोडे पैसे जास्त पडले तरी. पट्टा सुटाही मिळतो, पण त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलला चालणारा घ्यावा. नळीचं टोक बसलं म्हणजे माप जुळलं असं नाही.

दुसरी पारख म्हणजे मशीनची पडताळणी झाली आहे का. ही मशीन स्टेथोस्कोपसारखी आवाज ऐकत नाहीत. पट्टा सैल होताना धमनीचे जे हेलकावे हवेत उमटतात ते टिपतात आणि प्रत्येक कंपनी आपापल्या गणिताने वरचं-खालचं काढते. ते गणित बरोबर आहे का, हे किमान ८५ माणसांवर प्रशिक्षित निरीक्षकांच्या मापाशी ताडून ठरतं. सरासरी फरक ५ पेक्षा आणि विचलन (फरकांचा विखुरलेपणा) ८ पेक्षा जास्त चालत नाही. उत्तीर्ण मॉडेलांची यादी 'स्ट्राइड बीपी' या संकेतस्थळावर आहे. कंपनीचं नाव बघून थांबू नका, मॉडेल नंबर शोधा. गरोदर स्त्रीसाठी घेत असाल तर गरोदरपणासाठी वेगळी पडताळणी झालेलंच घ्या.

मनगटाची मशीन आम्ही सुचवत नाही. मनगट हृदयाच्या पातळीवर धरून ठेवणं बहुतेकांना जमत नाही, आणि हात दहा सेंटीमीटर खाली गेला की आकडा सात-आठने चढतो. पट्टा नसलेली घड्याळं आणि बँड तर बीपीसाठी वापरूच नयेत. युरोपातल्या उच्च रक्तदाब तज्ज्ञांच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेतही त्यांची शिफारस नाही.

दंडाच्या मशीनलाही हाताची पातळी सुटत नाही. २०२४ च्या एका चाचणीत १३३ जणांचा हात टेबलावर, मांडीवर आणि बाजूला लोंबता अशा तिन्ही प्रकारे ठेवून मोजलं. टेबलापेक्षा मांडीवर वरचं जवळपास ४ ने आणि खालचंही ४ ने जास्त आलं. लोंबत्या हाताला वरचं ६.५ ने वाढलं. घरी जेवणाचं टेबल या कामाला उत्तम. सोफ्यासमोरचा टीपॉय बुटका पडतो, त्यावर दोन उशा ठेवाव्या लागतात.

बाकी पद्धत अशी. चहा, तंबाखू, चालणं यांना अर्धा तास सुट्टी. लघवी करून या. पाठ टेकेल अशा खुर्चीवर, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पलंगाच्या कडेला किंवा मांडी घालून नको. कुर्त्याची बाही गुंडाळून वर चढवली तर तिचाच आवळ बसतो, हात बाहीतून काढा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या वर एक-दोन सेंटीमीटर, नळी आतल्या बाजूने मधल्या बोटाच्या रेषेत, आणि पट्ट्याखाली एक बोट जेमतेम शिरेल इतका ताण. मोजताना बोलायचं नाही, फोनवरही नाही. पहिल्यांदा दोन्ही हातांचं घ्या. दहापेक्षा जास्त फरक असेल तर डॉक्टरांना सांगा आणि पुढे जास्त आकड्याचा हात धरा. डायलिसिसचा फिस्टुला (शस्त्रक्रियेने केलेली धमनी-शिरेची जोडणी) असलेल्या हाताला पट्टा बांधायचा नाही.

डॉक्टरांना दाखवायचे आकडे सात दिवसांचे असावेत. सकाळी गोळीआधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, दोन मापांत एक मिनिट. पहिल्या दिवसाचे सोडून बाकीच्यांची सरासरी. ती १३५/८५ किंवा वर असेल तर जास्त धरतात. दवाखान्यातली १४०/९० ची रेघ घरी लावू नका, घरचं माप मुळात थोडं कमी येतं. मधेच भीती वाटली म्हणून दिवसातून आठ वेळा मोजणं टाळा, काळजीनेच आकडा चढतो. १८०/१२० च्या पुढे दिसलं तर पाच मिनिटांनी पुन्हा घ्या. तरी तितकंच असेल आणि छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूची शक्ती जाणं यांपैकी काही असेल तर लगेच १०८ ला फोन. लक्षण काहीच नसेल तरी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, मनाने जादा गोळी घेऊ नका.

जास्तीच्या सोयींपैकी दोन माणसांची वेगळी मेमरी खरोखर कामाची. साध्या मॉडेलांत शेवटचं एकच माप राहतं, तिथे वही लागते. अनियमित ठोक्यांची खूण वरचेवर दिसू लागली तर ईसीजी काढा. अशा नाडीत एका मापावर भरवसा ठेवता येत नाही, लागोपाठ तीन मापं घेऊन त्यांची सरासरी काढावी लागते.

'एरर' येण्याची कारणं बहुधा साधी असतात: नळीचं टोक पुरतं न बसणं, पट्टा ढिला, हात हलणं, सेल उतरणं. महिनोन् महिने वापर नसेल तर सेल काढून ठेवा, गळले की स्प्रिंग गंजते. वर्षातून एकदा मशीन दवाखान्यात न्या आणि एकाच हाताला तिथल्या मापाशी दोन-तीनदा आलटून पालटून ताडून घ्या. फरक ५ च्या आत असेल तर ठीक. १० च्या वर जात असेल तर आधी नळीला चीर आणि पट्ट्याच्या पिशवीला गळती आहे का ते बघा. अनेकदा पट्टा बदलून काम भागतं, नवं मशीन लागत नाही.