लांबच्या फायरवॉलमध्ये शिरायचं कुठून: वॅन, टनेल की वेगळा पोर्ट?

शाखेत पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स (दोन्ही मोफत मिळणाऱ्या फायरवॉल प्रणाली) चालवणारा बॉक्स बसवायचा आणि तो दुसऱ्या गावातून सांभाळायचा, असा बेत असेल तर इंटरफेस (कुठला नेटवर्क पोर्ट कशासाठी) नेमतानाच ठरवा की अ‍ॅडमिनचं पान कुठून उघडणार.

वॅनवर, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूला, ४४३ (अ‍ॅडमिनच्या वेबपानाचा पोर्ट) उघडला की पाच मिनिटांत काम होतं, आणि मोह तिथेच होतो. पण लॉगिनचं पान मग साऱ्या जगासमोर येतं. २०१८ मध्ये मायक्रोटिक राउटरच्या विनबॉक्स या व्यवस्थापन साधनातली त्रुटी उघड झाली, तेव्हा ज्यांचा ८२९१ पोर्ट इंटरनेटवर उघडा होता त्यांचे पासवर्ड बाहेरून वाचता येत होते. तुमच्याकडे स्टॅटिक (न बदलणारा) आयपी असेल आणि रूलमध्ये सोर्स म्हणून तेवढाच दिलात, तर तात्पुरतं ठीक. घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलता असेल तर हा पर्याय सोडाच.

माझं मत वायरगार्डला, म्हणजे दोन टोकांमध्ये एनक्रिप्टेड टनेल काढणाऱ्या व्हीपीएनला. बाहेर फक्त ५१८२० हा यूडीपी पोर्ट उघडा राहतो, आणि किल्ली जुळल्याशिवाय तो उत्तरच देत नाही, म्हणून स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. टनेलच्या इंटरफेसवर ४४३ आणि २२ (एसएसएच, म्हणजे दूरची कमांड लाइन) यांना परवानगी देणारा रूल लिहायचा, बस्स. दोन गोष्टी आधीच बघा. शाखेचं लॅन (आतलं नेटवर्क) १९२.१६८.१.० वर ठेवू नका. घरच्या राउटरचंही बहुधा तेच असतं आणि टनेल जोडलेला दिसूनही पान उघडत नाही. दुसरं, वॅनला मिळालेला आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात (म्हणजे एकच पब्लिक आयपी कंपनी अनेक ग्राहकांत वाटते), बाहेरून कुणी पोचणार नाही. मग पब्लिक आयपीचा छोटा व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) घ्या, शाखेकडूनच त्याच्याकडे टनेल काढा आणि कीपअलाइव्ह (टनेल जागा ठेवणारा संदेश) दर २५ सेकंदांनी ठेवा.

तिसरा पर्याय म्हणजे व्यवस्थापनासाठी बॉक्सवरचा वेगळा नेटवर्क पोर्ट किंवा व्हीएलॅन (त्याच तारेवरचं वेगळं आभासी नेटवर्क). ऑफिसातल्या पन्नास लॅपटॉपना अ‍ॅडमिनचं पान दिसूच नये, यासाठी तो उत्तम. पण दूरचं काम तो एकटा भागवत नाही. त्याला टनेल हवा, नाहीतर ४जी राउटरची स्वतंत्र लाइन. नव्या पोर्टवर सुरुवातीला एकही रूल नसतो, म्हणजे सगळं बंद. शिवाय त्या इंटरफेसला गेटवे देऊ नका, दिलात तर पीएफसेन्स त्याला वॅन समजतो.

एका खोड्यात बरेच जण अडकतात. एकच इंटरफेस नेमलेला असताना पान वॅनवरूनही उघडतं. लॅन नेमलात की अँटी-लॉकआउट रूल (अ‍ॅडमिनचं पान स्वतःलाच बंद होऊ नये म्हणून आपोआप असलेला) तिकडे सरकतो आणि वॅनवरून काम करणाऱ्याला ते पान उघडेनासं होतं. अशा वेळी तिथल्या माणसाकडून कन्सोलवर फायरवॉल तात्पुरती बंद करणारी pfctl -d ही आज्ञा चालवून घ्यायची, रूल घालायचा आणि फायरवॉल लगेच परत चालू करायची. टनेल मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून तपासून झाल्याशिवाय वॅनचा रूल काढू नका.