सीताबर्डीच्या वेबसाइट दुरुस्तीवाल्या दादाचं काम: गोडाऊनचा मेनू एकदाचा वर आला

आमचं नागपूरला गांधीबागेत पंपाच्या स्पेअर पार्टचं होलसेल आहे आणि माल सगळा वाडीच्या गोडाऊनला. तिथं स्टॉक पाहायला, चलान काढायला ऑफिसच्या नेटवर्कवरच चालणारी एक जुनी वेबसाइट आहे, आणि बारकोड लेबलचं प्रिंटिंग अ‍ॅक्टिव्हएक्सवर (ब्राउझरमध्ये चालणारा जुन्या पद्धतीचा जोडप्रोग्राम) असल्यामुळं इंटरनेट एक्सप्लोरर (आयई) या जुन्या ब्राउझरशिवाय काम होत नाही. त्यामुळे "क्रोम टाकून घ्या ना जी" हे आमच्या इथं चालत नाही.

मागच्या वर्षी साइटवर फोटोची मोठी पट्टी टाकली आणि तेव्हापासून माउस नेला की खाली उघडणारा मेनू त्या फोटोच्या मागे जाऊन राहिला होता. एक पीसी विंडोज एक्सपीचा, त्यावर आयई 6, तिथं तर साइज निवडायचा डबा मेनूच्या वर येऊन बसायचा, म्हणजे अर्धी नावं झाकलेली. पोरगा अंदाजानं क्लिक करे आणि एक दिवस दीड इंचीऐवजी दोन इंची फुटव्हॉल्व्ह काटोलच्या गाडीत चढले. गिऱ्हाईकाचं ऐकून घ्यावं लागलं, परत आणायचं भाडं आमचंच.

साइट ज्यांनी बनवली त्यांनी मेनूला झेड इंडेक्स (कोण कोणाच्या वर दिसेल ते ठरवणारा आकडा) 99999 लावून दिला, काही फरक पडला नाही, मग म्हणाले नवीन साइट करा. शेवटी मेव्हण्याच्या ओळखीनं हे दादा भेटले, एकटेच काम करतात, सीताबर्डीत दुसऱ्या माळ्यावर छोटी जागा आहे.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे त्यांनी आधी कारण शोधलं. आमच्याच रॅककडं बोट दाखवून म्हणाले, "भाऊ, खालच्या खणात खोक्यावर खोकं कितीही चढवा, वरच्या खणाच्या वर थोडी जाणार?" आयई 6 आणि 7 मध्ये पोझिशन रिलेटिव्ह (जागा ठरवायची एक सेटिंग) दिलेला पानाचा प्रत्येक भाग स्वतःचा वेगळा खण बनवतो, त्याला झेड इंडेक्स दिलेला नसला तरी. मग मेनूचे 99999 फक्त हेडरच्या, म्हणजे मेनू असलेल्या पानाच्या वरच्या भागाच्या, खणापुरते, आणि फोटोची पट्टी कोडमध्ये नंतर येते म्हणून ती हेडरवर चढते. त्यांनी ते 99999 काढून टाकलं आणि हेडरलाच 10 दिलं, पट्टीला 1. बस, मेनू वर!

आयई 6 वरचा साइज निवडायचा डबा मात्र यानं हलला नाही. तो डबा विंडोज स्वतः वेगळा काढते, झेड इंडेक्सला जुमानतच नाही. त्यावर त्यांनी मेनूच्या खाली तेवढ्याच मापाची एक रिकामी आयफ्रेम (पानाच्या आत दुसरं पान दाखवायची चौकट) सरकवली, कारण आयफ्रेम त्या डब्याला झाकू शकते आणि मेनू आयफ्रेमच्या वर बसतो. आयई 7 पासून ही भानगड नाही, म्हणून ती फक्त 6 लाच दिसेल अशी कंडिशनल कमेंट टाकली.

आणखी एक पीसी विंडोज 7 चा, आयई 11, तरी तिथंही मेनू मागेच होता, याचं मला लय कोडं होतं. तर आयई ऑफिसच्या आतल्या साइट आपोआप कम्पॅटिबिलिटी व्ह्यूमध्ये उघडते, म्हणजे 11 असून 7 सारखी वागते. पानाच्या कोडच्या सुरुवातीला, हेडमध्ये, एक मेटा टॅग टाकला, आयई इक्वल्स एज वाला, म्हणजे आयईला 11 सारखीच वाग असं सांगणारी ओळ, आणि मग लेबल प्रिंट होऊन पाहिल्याशिवाय ते उठले नाहीत.

दोन चकरा, 3,500 रुपये, बदललेल्या फायलींची जुनी कॉपी पेनड्राइव्हवर दिली. एक तक्रार आहे, दिवसा फोन उचलत नाहीत, मेसेज टाकून संध्याकाळपर्यंत थांबावं लागतं आणि मालाची गाडी उभी असली की जीव वरखाली होतो. म्हणून पाचपैकी साडेचार.

आणि माणूस खरं बोलतो. एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 लाच संपला, विंडोज 10 वर आयई 11 चाही 15 जून 2022 ला, त्यामुळे या पीसींना बाहेरचं इंटरनेट देऊ नका आणि लेबलचं प्रिंटिंग नव्या पद्धतीवर न्यायचं बघा, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं, त्याचे पैसे मागितले नाहीत. आम्ही त्याच संध्याकाळी एक्सपीवाल्या पीसीची बाहेरची लाइन काढली. तुम्ही जाणार असाल तर प्रत्येक पीसीवर आयई कितवी आहे ते लिहून न्या आणि मेनू उघडा असतानाचा फोटो काढून न्या, आमची पहिली चकर त्यातच गेली.