निळ्या पुस्तकातील बारा पाठ : 'इंग्लिश ग्रामर इन यूज'चे मराठी वाचकाने केलेले परीक्षण

रेमंड मर्फी यांचे 'इंग्लिश ग्रामर इन यूज' हे केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसचे पुस्तक १९८५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि त्याची पाचवी आवृत्ती २०१९ मध्ये निघाली. एकूण १४५ पाठांपैकी २६ ते ३७ हे बारा पाठ मोडल, म्हणजे 'कॅन', 'मे', 'मस्ट', 'शुड' यांसारख्या साहाय्यक क्रियापदांसाठी राखलेले आहेत. हे परीक्षण तेवढ्याच पाठांचे आहे, कारण मराठी माध्यमात शिकलेल्या माझ्यासारख्यांचे इंग्रजी सर्वाधिक अडखळते ते याच जागी.

शाळेत आपण 'कॅन म्हणजे शकणे, मे म्हणजे परवानगी, मस्ट म्हणजे सक्ती' अशा जोड्या पाठ करतो, परीक्षेत एकाच्या जागी दुसरे घालून वाक्य पुन्हा लिहितो आणि गुणही मिळवतो. पुढे कचेरीत पत्र लिहिताना मात्र 'आय कॅन एबल टू' असे काहीतरी हातून उतरते. मर्फी जोड्या देत नाहीत. त्यांच्या डाव्या पानावर प्रसंग आणि स्पष्टीकरण असते, उजव्या पानावर लगेच स्वाध्याय असतो, आणि शब्दाचा अर्थ त्या प्रसंगातून उलगडत जातो.

सव्विसाव्या पाठात 'कुड' आणि 'वॉज एबल टू' यांतील फरक सांगितला आहे. पूर्वी अंगी असलेल्या सर्वसाधारण क्षमतेसाठी 'कुड' चालते. एका विशिष्ट प्रसंगी जमलेल्या गोष्टीसाठी होकारार्थी वाक्यात 'वॉज एबल टू' किंवा 'मॅनेज्ड टू' लागते. हा नियम अनेकांना अवघड वाटतो, पण मराठी माणसाला तो वाटण्याचे कारण नाही. 'लहानपणी मला पोहता येत होते' आणि 'त्या दिवशी मला काठापर्यंत पोहता आले' ही दोन वाक्ये आपण कधीच एकमेकांच्या जागी वापरत नाही. 'येत होते' तिथे 'कुड' आणि 'आले' तिथे 'वॉज एबल टू' एवढे ध्यानात ठेवले, की पानभर स्वाध्याय दहा मिनिटांत सुटतो. जगभरच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकात हे सापडणार नाही, हे उघडच आहे. तो दुवा समासात पेन्सिलीने आपणच लिहायचा असतो.

अठ्ठाविसाव्या पाठातील 'मस्ट' सक्तीचा नसून तर्काचा आहे. 'ही मस्ट बी ॲट होम' याचा अर्थ 'त्याने घरी राहिलेच पाहिजे' असा लावणारे अनेकजण मी पाहिले आहेत, आणि गंमत अशी की 'दिवा दिसतो आहे, म्हणजे तो घरी असला पाहिजे' असे मराठीत म्हणताना याच लोकांना 'पाहिजे'चा तर्कार्थ आपोआप कळतो. या तर्काचा नकार 'मस्ट नॉट'ने नव्हे, तर 'कान्ट'ने करायचा, हे मर्फी ठळकपणे सांगतात. 'मे' आणि 'माइट' यांचे दोन पाठ मात्र भराभर वाचले तरी चालतील.

बत्तिसाव्या पाठावर दोन संध्याकाळी घालवाव्यात. 'मस्न्ट' म्हणजे 'करू नकोस', 'नीडन्ट' म्हणजे 'करण्याची गरज नाही'. इथवर ठीक आहे. पुढे 'नीडन्ट हॅव' येते आणि मराठीची मदत संपते. 'छत्री आणायची गरज नव्हती' या आपल्या वाक्यातून छत्री आणली की नाही, ते कळत नाही. 'यू नीडन्ट हॅव ब्रॉट' म्हटले की ती आणलेली असते, आणि वायाच आणलेली असते. 'डिडन्ट नीड टू' मात्र आपल्या वाक्याइतकेच मोघम आहे.

पुस्तकाच्या रचनेबद्दल माझी एक तक्रार आहे. 'विल' आणि 'शॅल' हे भविष्यकाळाच्या प्रकरणात, २१ आणि २२ या पाठांत आहेत. त्यामुळे 'शॅल आय' एकीकडे आणि 'मे आय' दुसरीकडे पडते, आणि आपला गोंधळ तर नेमका याच दोहोंत होतो, कारण 'चहा करू का?' हा देकार आणि 'आत येऊ का?' ही परवानगी मराठी एकाच '-ऊ का'ने निभावते. 'मे आय' सदतिसाव्या पाठात आहे; म्हणून २१, २२ आणि ३७ हे तीन पाठ शेजारी ठेवून वाचावेत.

सदतिसावा पाठ विनंतीचा आहे आणि तो शेवटी ठेवल्यामुळे अनेकांच्या हातून सुटतो. 'तू', 'तुम्ही', 'आपण' यांतून मराठी जो आदर दाखवते, तो दाखवायला इंग्रजीकडे एकच 'यू' आहे. म्हणून 'पाणी दे', 'पाणी द्या' आणि 'पाणी द्याल का?' यांतील अंतर तिथे 'कॅन यू', 'कुड यू' आणि 'वुड यू' यांसारख्या रूपांना पेलावे लागते. नोकरीच्या निमित्ताने इंग्रजी पत्रव्यवहार करणाऱ्याने हाच पाठ आधी काढावा. विकत घेताना उत्तरांसह असलेली आवृत्ती मागून घ्यावी, कारण उत्तरे नसलेली आवृत्तीही निघते आणि एकट्याने अभ्यास करणाऱ्याला तिचा फारसा उपयोग नाही.