रेल प्रेशर सेन्सर: पैसे वसूल

डिझेल गाडी चढावर मान टाकायची, स्कॅनरवर कोड पी०१९३, म्हणजे रेलमधला (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जास्त दाबाच्या नळीतला) दाब मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल प्रमाणाबाहेर जास्त. गॅरेजवाला थेट पंपच उतरवायला निघाला होता! मी ओरिजिनल सेन्सर आणून पार्किंगमध्येच बसवला. माल एक नंबर: आटे स्वच्छ, कपलर (वायरींचा जोड) टक्कन बसतो.

घ्यायच्या आधी कपलरच्या तीन वायरींपैकी एकीवर ५ व्होल्ट येतात का ते मीटरने बघा. वायरिंगच तुटलं असेल तर नवा सेन्सर काय करणार? इंजिन बंद करून प्रेशर उतरू द्या, चालू गाडीत रेलमध्ये शेकडो बार असतात. आजूबाजूची धूळ नीट पुसा, कण आत गेला की इंजेक्टरची वाट. टेफ्लॉन टेप अजिबात नको, इथे धातूवर धातूच घट्ट बसतो. खोल सॉकेट मात्र शेजाऱ्यांकडून आणावा लागला. किंमत झोंबते, पण गाडी आता घाट तिसऱ्यात चढते.