धंतोलीतला ज्यां जोरेसवरचा अभ्यासवर्ग: वेळ काढून जा

धंतोलीत एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर रविवारी संध्याकाळी हा वर्ग भरतो. फी पन्नास रुपये, चहा त्यातच. या खेपेचा विषय होता फ्रेंच समाजवादी नेते ज्यां जोरेस (१८५९–१९१४).

वक्त्यांनी पॅरिस बाजूला ठेवून थेट दक्षिण फ्रान्समधल्या कार्मो गावच्या कोळसा खाणीपासून सुरुवात केली, आणि मी सावरून बसले. माझं बालपण सिल्लेवाड्याच्या खाण कॉलनीत गेलं, वडील युनियनचे. १८९२ साली कार्मोच्या लोकांनी आपल्यातल्याच कॅल्विन्याक नावाच्या कामगाराला नगराध्यक्ष केलं. नगरपालिकेच्या कामासाठी त्याने सुट्टी मागितली तर कंपनीने त्याला कामावरूनच काढलं. संप झाला, सरकारने फौज धाडली. तत्त्वज्ञान शिकवणारे जोरेस संपकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी तिथून खासदार झाले.

युद्ध लागलं की मरायला जाणार ती याच घरांतली पोरं, फ्रान्समधली आणि जर्मनीतलीही. जोरेसांचा युद्धविरोध इथून आला, हे वक्त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटलं. देशाचं रक्षणच करू नये, असं मात्र ते कधी म्हणाले नाहीत. बचावासाठी नागरिकांचीच फौज हवी, हे त्यांनी १९११ मध्ये सविस्तर मांडलं होतं. हा भाग एरवी कुणी सांगत नाही, इथे नीट सांगितला.

३१ जुलै १९१४ च्या रात्री ते पॅरिसच्या एका कॅफेत उघड्या खिडकीला पाठ करून जेवायला बसले होते. राउल व्हिलँ या तरुणाने बाहेरून गोळ्या झाडल्या. तीन दिवसांत जर्मनीने फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारलं. १९१९ मध्ये व्हिलँ निर्दोष सुटला, आणि खटल्याचा खर्च जोरेसांच्या विधवेवर लादला गेला! मागच्या रांगेतले एक काका 'काय सांगता जी!' म्हणत उभेच राहिले. माझाही संताप झाला, अजून गेलेला नाही.

ड्रायफस प्रकरण मात्र दोन वाक्यांत उरकलं. खोट्या आरोपात अडकवलेल्या त्या ज्यू अधिकाऱ्यासाठी जोरेसांनी १८९८ मध्ये एकेक पुरावा तपासत लेखमाला लिहिली होती. त्यावर अर्धा तास तरी हवाच होता.

बसायला सतरंजी आहे, गुडघे दुखत असतील तर खुर्ची मागा, लगेच देतात. कूलरच्या घरघरीत मागे नीट ऐकू येत नाही, तेव्हा लवकर जाऊन पुढची जागा धरा.