ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: जुन्या पेट्रोल गाडीची मिसिंग शोधायला कितपत कामाचा?

ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड स्वतः नोंदवण्याची सोय. गाडीच्या सॉकेटला लावून ते कोड फोनवर वाचणारा, ऑनलाइन पाचशे ते हजार रुपयांत मिळणारा, काडीपेटीहून थोडा मोठा हा स्कॅनर मिसिंग, म्हणजे सिलिंडर मधेमधे न पेटणं, कोणत्या सिलिंडरला आहे ते सांगतो. का आहे ते सांगत नाही. हा फरक माहीत असलेल्याचे पैसे वसूल होतात. नाहीतर कोड आला की कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) बदल, पुन्हा आला की इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) बदल, यातच पाच-सात हजार जातात आणि गाडी तशीच झटके मारत राहते.

घेण्याआधी गाडीचं वय बघा. भारतात ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून बीएस-४ (भारत स्टेज, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचा नियम) गाड्यांना लागू झालं आणि मिसफायर, म्हणजे मिसिंग, पकडण्याची सक्ती त्यातच आली. पण बीएस-४ सगळ्या देशात लागू झालं एप्रिल २०१७ ला. तोवर मराठवाड्यात बीएस-३ गाड्याही नोंदवल्या जात होत्या. त्यामुळे गाडी २०१४ ची आहे एवढ्यावर जाऊ नका, तिचा बीएस कोणता ते आरसीवर किंवा कंपनीच्या कागदांवर बघा. स्टिअरिंगखाली १६ पिनचं सॉकेट दिसलं म्हणजे काम झालं असंही नाही. २०१० च्या आधीच्या बऱ्याच एमपीएफआय (इंजेक्टरवाल्या) गाड्यांत सॉकेट तेच असतं, पण ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलतो आणि स्कॅनर नुसता ‘कनेक्टिंग’ दाखवत बसतो.

दुसरी अडचण नकली चिपची. यातले जवळजवळ सगळे स्कॅनर ईएलएम३२७ या मूळ चिपची नक्कल असतात. खोक्यावर ‘२.१’ लिहिलेल्या बऱ्याच डब्यांत जुन्या के-लाइन (ईसीयूशी बोलण्याची जुनी पद्धत) गाड्यांसाठी लागणाऱ्या काही कमांड चालतच नाहीत. आपल्याला हव्या असतात नेमक्या त्याच. म्हणून परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या आणि आल्या दिवशी गाडीला लावून बघा. फोनशी जोडताना पासकोड १२३४ किंवा ०००० असतो. आयफोनवाल्यांना साधा ब्लूटूथचा चालत नाही, वायफायचा किंवा ब्लूटूथ एलई लिहिलेला घ्यावा लागतो.

आता कामाचं. सिलिंडर पेटला की क्रँकला, म्हणजे इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्याला, धक्का बसतो, नाही पेटला की क्रँक तेवढ्यापुरता मंदावतो. क्रँक सेन्सरवरून ईसीयू हे मोजतो आणि पी०३०१, पी०३०२ असा कोड टाकतो. शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०३०० म्हणजे कोणता एक ठरत नाही, मिसिंग फिरती आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांचे हिसके क्रँकपर्यंत पोचतात, त्यामुळे फक्त खराब रस्त्यावर येणारा आणि डांबरीवर न येणारा पी०३०० लगेच खरा धरू नका. चेक इंजिनचा दिवा मात्र लुकलुकायला लागला, तर पाय हलका करा आणि गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो वितळतो. त्याची किंमत बाकी सगळ्या दुरुस्तीहून जास्त भरते.

कोड दिसला की लगेच ‘क्लिअर’ दाबणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. कोडसोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते: बिघाड झाला तेव्हा आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) किती, लोड (इंजिनवरचा भार) किती, पाणी किती तापलेलं. तिचा आधी फोटो काढा. ८०-९० टक्के लोडला मिसिंग, म्हणजे कन्नडचा औट्रम घाट चढताना येते तशी, बहुतेक वेळा स्पार्कची असते. सिलिंडरमध्ये दाब वाढला की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. मग प्लगचा वाढलेला गॅप (टोकांमधली फट) किंवा कॉइलची चीर तिथे उघडी पडते. आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, मिसिंग आणि वेगात बरी, तर हवेची गळती किंवा व्हॉल्व्हचा संशय घ्या.

या डब्याचं खरं मोल फ्युएल ट्रिममध्ये आहे. ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त (अधिक) किंवा कमी (उणे) सोडतोय तो हा आकडा; शॉर्ट टर्म आत्ताचा, लाँग टर्म बराच काळ साठलेला. इंजिन पूर्ण तापल्यावर लाँग टर्म आणि शॉर्ट टर्मची बेरीज साधारण उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असावी. आयडलला अधिक २० आणि २५०० आरपीएमला नेऊन धरल्यावर खाली येत असेल, तर इनटेकला (इंजिनात हवा जाण्याच्या वाटेला) कुठेतरी जादा हवा शिरतेय. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात व्हॅक्यूमचे रबरी पाइप कडक होतात आणि टोकाशी, क्लिपच्या खालीच, तडकतात. वरून पाइप धडधाकट दिसतो, टोक वाकवलं की केसाएवढी चीर उघडते. उलट लोड वाढेल तसा ट्रिम वाढत गेला तर फ्युएल पंप, फिल्टर, प्रेशर तपासा. इथे एक फसगत आहे. स्पार्क नसलेल्या सिलिंडरमधून न जळलेला ऑक्सिजन बाहेर पडतो, ऑक्सिजन सेन्सर त्याला ‘मिश्रण पातळ’, म्हणजे पेट्रोल कमी, समजतो आणि ट्रिम वाढतो. म्हणून आधी स्पार्क पक्का करा, ट्रिमचा अर्थ नंतर लावा.

स्पार्क पक्का करायला एक पैसा लागत नाही. पी०३०२ असेल तर दोनची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर टाका. फक्त कॉइल, प्लग आणि इंजेक्टर जागेवरच ठेवा. कोड पुसून गाडी चालवा. पी०३०३ आला तर कॉइल गेली. दोनवरच राहिला तर आता प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टरची. एका वेळी एकच वस्तू हलवायची, दोन हलवल्या की निकाल वाचता येत नाही. प्लग काढलाच आहे तर नीट बघा. पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगी पडत नाही, काळी सुकी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. प्लगच्या विहिरीत ऑइल साचलेलं असेल तर टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गेलंय. ते ऑइल कॉइलचं रबर फुगवतं आणि ठिणगी बाजूनेच निसटते. अशा वेळी पॅकिंग न बदलता नवी कॉइल टाकली तर तीही टिकणार नाही.

कार्बोरेटरच्या मारुती ८०० आणि ओम्नीला हा स्कॅनर काहीच करू शकत नाही. तिथे तीन सिलिंडरांपैकी एक बसला की एक तृतीयांश ताकद गेली, ते कानालाही कळतं. आयडलला एकेक हायटेन्शन वायर (प्लगला जाणारी) इन्सुलेटेड पक्कडीने काढून इंजिनच्या लोखंडाला टेकवा. मोकळी लोंबत ठेवू नका, कॉइल जळू शकते. जी काढल्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. मल्टिमीटरने वायरींचा रेझिस्टन्स मोजा, लांबीच्या मानाने एकच बाकीच्यांपेक्षा खूप वेगळी असेल तर ती बदला. पहिल्या पावसात सुरू होणाऱ्या मिसिंगसाठी रात्री अंधारात बॉनेट उघडून वायरींवर स्प्रेच्या बाटलीने पाणी उडवा, गळती असेल तर निळी ठिणगी स्पष्ट दिसते. डिस्ट्रिब्युटरच्या (ठिणगीची वीज एकेका प्लगला वाटणाऱ्या भागाच्या) टोपणात आतून पेन्सिलची रेघ ओढल्यासारखा कार्बनचा माग असेल तर पुसून भागत नाही, टोपण बदला. शेतावर उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी सगळ्यात आधी शोधा.

गॅस किट लावलेल्या गाडीला वेगळं बघावं लागतं. एलपीजीवर व्हॉल्व्हची सीट झिजते, टॅपेटची फट कमी होत जाते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट न बसल्याने जळतो. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवरच मिसिंग असेल तर प्लगचा गॅप आणि किटची सेटिंग बघा. दोन्हींवर सारखीच असेल तर गेजने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. मोजताना बॅटरी चार्ज केलेली, सगळे प्लग काढलेले, स्पार्क आणि पेट्रोल बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. सिलिंडरांत १५ टक्क्यांहून जास्त फरक दिसला की कमी असलेल्यात चहाचा चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर पिस्टनच्या रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन कमी असतील तर हेड गॅसकेट.

बीएस-४ पेट्रोल गाडीसाठी या स्कॅनरला पाचपैकी साडेतीन. त्याहून जुन्या गाडीसाठी न घेणंच बरं. त्या पैशात मल्टिमीटर आणि प्लगपाना घ्या, थोडे जास्त घालून कॉम्प्रेशन गेज घ्या. आणि घेतलाच, तर काम झाल्यावर सॉकेटमधून काढून ठेवा. १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा करंट चावी बंद असतानाही चालू असतो, गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली तर जुनी बॅटरी उतरते.